बारावा हात

टाकेमावशीच्या दुकानात घाई असलेल्या माणसानं पाऊल टाकू नये. तान्ह्याचं झबलं हवं असो की कापडी हत्ती, ती वस्तू आधी तुमच्या हातात देतच नाही. स्वतः घेते, उलटी करते, डोळे मिटते आणि उजव्या हाताचं पहिलं बोट शिवणीवरून हळूहळू चालवत नेते. गिऱ्हाईक चुळबुळत उभं. कुणी टवाळ म्हणतोच, "मावशी, ससा घेतोय, सोयरीक नाही जुळवत."

"सोयरीक मोडता येते," मावशी डोळे न उघडता म्हणते. "पोरानं एकदा छातीशी धरून झोप काढली की ससा परत मागता येत नाही."

तिचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर असेल कुठंतरी. टाके बघते म्हणून टाकेमावशी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर लेकरांचे कपडे आणि खेळणी, मधोमध एक मेज आणि वर लोंबता दिवा. दारावर लेकीनं स्वच्छ अक्षरात रंगवून टांगलेली पाटी: 'इथल्या कुठल्याही वस्तूला लेकराचा हात लागलेला नाही.' शिकलेली आईबापं येत आणि विचारत, "तुमच्याकडचा माल फेअर ट्रेड आहे ना?" मावशीला तो शब्द जिभेवर जड व्हायचा. ती म्हणायची, "सरळ हाताचा आहे. जिनं शिवलं तिला मी भेटून आलेय. तिला पोटभर मिळतं, तिची पाठ दुखली तर ती उठू शकते, आणि तिच्या दाराची कडी आतून आहे."

कडीचं ऐकून लोक हसायचे. त्यांना वाटायचं, म्हातारीची काहीतरी बोलायची तऱ्हा. पण मावशी नवं शिवणघर बघायला गेली की सगळ्यात आधी दाराची कडीच बघायची. ती स्वतः आठव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत दूरच्या एका शेडमध्ये बाहुल्या शिवत होती आणि त्या शेडची कडी बाहेरून होती. हे तिनं गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. लेकीला एकदाच सांगितलं, तेही कपडे वाळत घालता घालता, पाठमोरी. बाराव्या वर्षी शेड बंद पडली, पोरी वाऱ्यावर सुटल्या, एका लांबच्या मामीनं हिला ठेवून घेऊन नीट शिवण शिकवलं. पुढं शिंपी नवरा मिळाला. भला माणूस, कमी बोलायचा, लवकर गेला. त्याच्या मागं मावशीनं दुकान टाकलं ते एवढ्याच हट्टानं: एक तरी खोली जगात अशी असावी, जिथल्या खेळण्यात कुणाच्या लेकराचं रडू शिवलेलं नाही.

गावात हिच्या शब्दावर आईबापं डोळे झाकून वस्तू न्यायची. म्हणून तर बालवाडीच्या बाईंनी एकदम चाळीस ससे सांगितले. दर पोरामागे एक. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी, शनिवारी, वाटायचे.

मावशीनं काम दिलं ते तिच्या सगळ्यात लाडक्या शिवणघराला. बसनं तीन तासांवर अकरा बायका एकत्र येऊन ते चालवायच्या. मालक कुणी नाही, मुकादम कुणी नाही. त्यांची रीत मोठी गोड होती. ससा आतून शिवायचा, उलटवायचा, पोटातून कापूस भरायचा आणि शेवटी पोट हातानं मिटवायचं. जी पोट मिटवील तिनं सशासोबतच्या कार्डावर स्वतःची खूण काढायची. कुणाचं फूल, कुणाचा मासा, कुणाची नुसती तीन टिंबं. पोरानं विचारलं, हा कुणी केला, तर आईला दाखवता यावं: ही बघ, मासेवाली मावशी.

पाच आठवड्यांपूर्वी त्या बायकांनी जागा बदलली होती. जुन्या खोलीला ओल आली होती म्हणे. मावशीनं नवी जागा बघून यायला हवी होती. गुडघा धरला होता, बसची पायरी चढवत नव्हती. ती म्हणाली, बायका त्याच आहेत, जागेचं काय एवढं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कडी न बघता माल मागवला.

खोकं मंगळवारी आलं. तीन दिवस वाटेत होतं. दिवा लावून मावशी मेजाशी बसली आणि एकेक ससा पालथा घालून बोट फिरवू लागली. पहिला तोफेचा. तोफ म्हणजे त्या अकरांतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई, तिचे टाकेही तसेच ठसठशीत. दुसरा, तिसरा, सगळे ओळखीचे हात. सातव्या सशाच्या पोटावर बोट थांबलं.

मावशीनं डोळे उघडले. परत मिटले. बोट परत मागं नेलं.

टाके बारीक होते पण नेटके नव्हते. सगळे डावीकडे कललेले. दोरा इतका आवळलेला की कापडाला चुण्या पडलेल्या. दर पाचसहा टाक्यांनंतर एक लांब, थकलेला टाका, आणि त्याच्या पुढचे तीन एकमेकांना चिकटून, मागून कुणी खेकसल्यासारखे. शिकाऊ बाईचा टाका सैल पडतो. म्हातारीचा वाकडा पडतो. पण एवढा आवळलेला टाका भीतीचा असतो, आणि असा कललेला टाका तेव्हाच पडतो, जेव्हा हात सुईच्या मानानं लहान असतो आणि सुई मुठीत धरावी लागते.

दोऱ्याचं टोक कात्रीनं कापलेलं नव्हतं. चावून तोडलं होतं, तेही पुढच्या दातांनी नाही. बाजूच्या दाढेत धरून, चघळून चघळून. पुढचे दात पडलेलं पोरच असं तोडतं.

आणि ते टोक ओलं होतं.

"आई, हवेची ओल असेल," लेक म्हणाली.

"बाकीचे कोरडे आहेत."

"कार्डावर तर मासा आहे. मासेवालीनंच शिवलाय."

"कार्डावर मासा आहे गं. पोटावर दुसरंच कुणी आहे."

चाळीसांत तसे नऊ निघाले. नवांवर वेगवेगळ्या बायकांच्या खुणा, आणि नऊही पोटांवर तोच एक हात. बुधवारी मावशीनं ते खिडकीत उन्हात मांडले. दिवसभर ऊन खाऊन सशांचे कान पापडासारखे कडक झाले. संध्याकाळी तिनं पोटावरून बोट फिरवलं. दोऱ्यांची नऊच्या नऊ टोकं ओलीच होती, नुकती तोंडातून काढल्यासारखी. कोमटसुद्धा.

लेकीनं हात लावून बघितला आणि हात झग्याला पुसला. मग बराच वेळ पुसतच राहिली.

"एकतीस देऊ बाईंना," ती म्हणाली. "या नवांचं कुणाला सांगू नको. तुझ्याशिवाय कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," मावशी म्हणाली. "माझ्या पाटीखाली उभी राहून मी लोकांना काय तोंड दाखवू? आणि ते जाऊ दे. कुठंतरी एक पोर बसलीय सुई घेऊन. तिला कोण उठवणार?"

गुरुवारी सकाळी ती नऊ ससे पिशवीत घालून पहिल्या बसनं निघाली.

नवी जागा म्हणजे एक लांबच लांब खोली. पूर्वी कसलासा कारखाना असावा. भिंती उंच, खिडक्या त्याहून उंच, जमिनीवरून कुणाला बाहेर दिसू नये अशा. मावशी दारातच थांबली. कडी आतून होती, नवी कोरी. पण बाहेरच्या बाजूला लाकडात चार भोकं होती आणि त्यांच्याभोवती गंजाचा कडीएवढा डाग.

"मावशी! अगं बाई, गुडघ्याला पंख फुटले की काय?" आतून तोफ ओरडली. बायका हसल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाय चेपायला बसलं. थोरली पुढं आली. ती त्यांच्यात वयानं मोठी नव्हती, पण डोकं शांत म्हणून सगळ्या तिला थोरली म्हणायच्या. तिनं मावशीच्या हातातली पिशवी बघितली आणि तिचा चेहरा उतरला.

मावशीनं स्टुलं मोजली. बायका अकरा, बुटकी स्टुलं बारा. बारावं खिडकीखाली, थोडं वेगळं, वर स्वच्छ कापडाची घडी घातलेली. येता-जाता बायका त्याला वळसा घालून जायच्या. कुणाचा पाय त्याला लागत नव्हता, कुणाची नजरही.

"एकेक चिंधी घ्या," मावशी म्हणाली, "आणि मला पाच टाके घालून दाखवा."

"परीक्षा?" तोफ म्हणाली. "नापास झाले तर घरी पाठवाल का? आनंदानं जाईन."

पण टाके घातले सगळ्यांनी. मावशीनं डोळे मिटून अकरा चिंध्यांवर बोट फिरवलं. अकराही हात तिच्या ओळखीचे होते. तो नव्हता. मग ती उठली आणि मागची खोली बघून आली, कापसाची पोती हलवली, संडासाचं दार उघडलं, जिना चढून माळ्यावर डोकावली. बायका बसून बघत होत्या. कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोर लपवलीय असं वाटतं आमच्यावर?" थोरलीनं विचारलं. "एवढीच ओळख आमची?"

"कार्डं खोटी आहेत, थोरले. तुझं फूल आहे दोन सशांवर. ते तू शिवलेले नाहीत."

थोरलीनं मान खाली घातली. "नाहीत," ती म्हणाली. "कार्ड कोरं कसं पाठवायचं? तिची खूण आम्हाला ठाऊक नाही. म्हणून आळीपाळीनं आम्ही आपली काढली."

"कुणाची खूण?"

तेवढ्यात दुपारची सुट्टी झाली. घंटा वगैरे काही नव्हती, पण अकराही जणी एकदम उठल्या, डबे घेतले आणि दाराकडे निघाल्या. मागं कुणीच रेंगाळलं नाही. थोरलीनं एक कापूस भरलेला ससा घेतला, पोट उघडं तसाच बाराव्या स्टुलावर ठेवला, सुईत दोरा ओवून ती त्याच्या कानात खोचली. "चला मावशी, अंगणात बसू. तासभर दार लावून ठेवतो आम्ही."

"तुम्ही जा. मी इथंच बसते."

"मावशी, नका."

"दार लाव, थोरले."

दार लागलं. मावशी तोफेच्या स्टुलावर बसली, बाराव्याच्या शेजारी. उंच खिडकीतून दुपारचं ऊन सरळ त्या सशावर पडत होतं. बाहेर डबे उघडल्याचे आवाज, कुणाचा तरी खोकला. आत नुसती धूळ तरंगत होती. मावशीनं सवयीनं डोळे मिटले.

आधी काही नव्हतं. मग कापडातून दोरा ओढल्याचा आवाज आला. सर्र. थोडा वेळ शांतता. सर्र. शिवणाऱ्या माणसाला हा आवाज आईच्या हाकेसारखा ओळखू येतो. सर्र. सर्र. मग नाक वर ओढल्याचा आवाज. सर्दी झालेलं लेकरू ओढतं तसा, बाहीला पुसायला हात मोकळा नसल्यासारखा. मग परत सर्र.

मावशीनं डोळे उघडले. स्टुलावर कुणी नव्हतं. ससा होता. त्याच्या पोटाच्या फटीशी सुई उन्हात चमकत वर यायची, कलती व्हायची, आत जायची. आणि दोरा तोकडा होत चालला होता.

मावशी जागची उठली नाही. तिला त्या सुईचं कलणं बघवेना. हा कोन तिच्या मनगटाला ठाऊक होता. ती अगदी हळू, मांडीवरच्या पोराशी बोलावं तशी म्हणाली, "पोरी…"

सुई थांबली. आणि पुढच्या क्षणी सर्र सर्र सर्र, अशी पिसाटल्यासारखी चालू लागली. टाक्यावर टाका, टाक्यावर टाका. शेजारच्या जागेतून भेदरलेला श्वास येत होता, तोंडानं घेतलेला, धापेचा. ती मावशीच्या आवाजाला घाबरली होती. मोठ्या माणसाचा आवाज आला की हात भराभर चालवायचे, एवढंच तिला कुणीतरी शिकवलेलं होतं.

मावशीनं तोंडावर हात दाबून धरला. दोरा संपला. काहीतरी चघळल्याचा आवाज आला, टोक तुटलं, आणि ससा स्टुलावर कलंडला.

तास भरल्यावर बायका आल्या. मावशी तशीच बसली होती.

"बघितलंत?" तोफ म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक होता. "गुणी आहे हो पोर. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

थोरलीनं सगळं सांगितलं. नव्या जागेत आल्यावर पहिले तीन आठवडे सुया गायब व्हायच्या. दोऱ्यांच्या गुंतवळी व्हायच्या. दुपारी परत आल्यावर एखादा उघडा राहिलेला काठ शिवलेला मिळायचा आणि त्यावर रक्ताचा टिपका. मग थोरलीलाच सुचलं. वेगळं स्टूल मांडलं, एक ससा आणि ओवलेली सुई ठेवली. त्या दिवसापासून सगळं शांत. खोकं पाठवेपर्यंत नऊ दिवस झाले होते, म्हणून नऊ ससे. त्यानंतर आणखी चार.

"आम्हाला माया वाटते हो तिची," थोरली म्हणाली. "रिकामी बसवत नाही आम्ही तिला. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी येऊन एक ठेवून जाते."

मावशीनं तिच्याकडे बघितलं. रागावण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. "थोरले," ती म्हणाली, "तू तिला काम देतेस गं."

"म्हणजे?"

मग मावशीनं त्या अकरा बायकांना ते सांगितलं, जे लेकीलाही पुरतं सांगितलं नव्हतं. शेडमध्ये सकाळी मधोमध ढीग पडायचा, कापलेल्या कापडांचा. ढीग संपल्याशिवाय सुट्टी नाही. ढीग संपला की मुकादम रांगेतून चालत यायचा, काठीनं पोरींच्या मांड्यांखाली, स्टुलांखाली चाचपायचा, आणि विचारायचा, "संपलं?" खोलीत कुठंही एक शिवण उघडी असली तर कुणी हूं का चूं करायची नाही, परत बसायचं. सगळं मिटलेलं असलं तरच सगळ्या मिळून म्हणायच्या, "संपलं." मग बाहेरून कडी निघायची.

"अशा शेडांची रीत सगळीकडे तीच. एवढ्याशा पोरीला तेवढंच कळतं," मावशी म्हणाली. "उघडी शिवण दिसली की बसायचं. आणि तुम्ही रोज दुपारी तिच्यापुढं एक उघडी शिवण ठेवता. प्रेमानं."

थोरली मटकन खाली बसली.

"पण आम्ही यायच्या आधी?" तोफेनं विचारलं. "तेव्हा तर खोली रिकामी होती. तेव्हा का नाही गेली?"

एकमेकींकडे बघता बघता बायकांना एकदमच आठवलं. माळ्यावर एक पोतं होतं. जागा घेतली तेव्हापासूनचं. आत बाहुल्या, हातपाय लावायच्या राहिलेल्या, कापडाला बुरशी. टाकवल्या नाहीत म्हणून तशाच ठेवल्या होत्या. पोतं खाली ओढलं तेव्हा त्यातून कुबट वास आला आणि मावशीनं एक बाहुली हातात घेतली. निम्म्या शिवणीवर सुई तशीच गंजून अडकलेली होती.

मावशीनं आधी फोन केला. बालवाडीच्या बाईंना.

"बाई, चाळीसांतले नऊ लेकराच्या हातचे निघाले."

"लेकराच्या? तुमच्याकडे?"

"माझ्याकडे. मी जागा न बघता माल घेतला. एकतीस चांगले आहेत, मी स्वतः…"

"मावशी, तुमच्या पाटीवर विश्वास ठेवून मी पालकांना सांगितलं होतं." बाई म्हणाल्या. "आता एकतीसही नकोत मला. एकही नको. आणि पालकांना मी खरं तेच सांगणार."

"सांगा," मावशी म्हणाली. "सांगायलाच हवं."

फोन ठेवून तिनं बाह्या वर केल्या. "उठा गं. या खोलीत एकही शिवण उघडी राहता कामा नये. एकही म्हणजे एकही."

हे काम कधी कुठल्या शिवणघरात झालं नसेल. शिवणघर म्हणजे सदा काहीतरी उघडं असायचंच. कापलेली झबली, एका बाहीचे अंगरखे, कान नसलेले हत्ती, कच्चे टाके घातलेली टोपडी. बारा बायकांनी ते सगळं पुढ्यात घेतलं. मशिनी धडधडल्या. ऊन भिंतीवरून वर चढत गेलं. माळ्यावरच्या बाहुल्या सगळ्यात अवघड. कापड इतकं जीर्ण की सुई घातली की चिरायचं. मावशीनं अस्तराचे तुकडे आतून लावून लावून ते सांधलं. एकेक पाय, एकेक हात. अधूनमधून तिच्या कोपराला कुणीतरी चिकटून बसल्यासारखं ऊबदार लागायचं आणि तिच्या हातातली शिवण कुणी वाकून बघतंय असा श्वास मनगटावर यायचा. ती मान वळवायची नाही.

"माझ्या खिशाची शिवण उसवलीय," एकजण पुटपुटली.

"घाल टाका, बाई, घाल."

"माझी तर नवऱ्यानं फाडलीय चपलेची वादी, ती पण धरायची का?" तोफेनं विचारलं. हसायचं कुणाला धैर्य नव्हतं, तरी दोघीतिघी फिस्सकन हसल्या, आणि तोफेनं खरंच वादी शिवली. पडद्याचा काठ झाला. पिशव्यांचे बंद झाले. उशीचा अभ्रा झाला. सांजावता सांजावता मावशीनं शेवटच्या बाहुलीच्या मानेवर गाठ मारली आणि सगळ्या सुया एका डबीत घालून डबीचं झाकण लावलं.

मशिनी थांबल्या. अकरा बायका भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

आता कुणीतरी विचारायचं होतं. मावशी उठली. मऊ बोलून चालणार नव्हतं, दुपारी तिनं ते बघितलं होतं. ज्या आवाजानं तिची चार वर्षं खाल्ली होती तोच आवाज घशातून काढावा लागणार होता. ती रांगेतून चालत गेली, टाचा वाजवत. स्टुलांखाली पायानं चाचपलं. बाराव्या स्टुलापाशी थांबली आणि खेकसली, "संपलं?"

तिचा आवाज ऐकून थोरलीनं कान झाकून घेतले.

खोलीत काही हललं नाही. आणि मग एक आवाज आला. एका पोरीचा नव्हता. सगळ्या खोलीतून आला, जमिनीजवळून, बुटक्या उंचीवरून, किती तरी तोंडांतून एकाच वेळी, झोपेत बोलल्यासारखा.

"संपलं."

मावशीला ऐकू येत होतं ते तिलाच आधी कळेना. शिवत होती एकटीच, बाकीच्या तिचं होण्याची वाट बघत बसल्या होत्या. मावशी कशीबशी दारापर्यंत गेली, कडी काढली, दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि बाजूला सरकून एका हातानं दार धरून उभी राहिली.

अनवाणी पावलं निघाली. धावत नव्हती. दमलेली, रांगेनं, एकीच्या मागे एक. दारातून जाताना प्रत्येकीचा वारा मावशीच्या गुडघ्याला, कमरेला लागत होता. तेलकट केसांचा, कापसाच्या भुश्श्याचा वास. थोरली भिंतीशी मोजत होती, ओठांतल्या ओठांत. सतरा. अठरा. तेवीसवर तिनं मोजणं सोडलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पावलं येतच होती.

मावशीचा हात भरून आला. तिनं तो खाली घेतला नाही.

मग पावलं विरळ झाली, आणि शेवटची, अगदी हलकी, तिच्यापाशी येऊन थांबली. नाक वर ओढल्याचा आवाज. मावशीच्या मोकळ्या हाताच्या पहिल्या बोटाभोवती एक लहानगी मूठ मिटली. ओली, कोमट, सुया टोचून टोचून खरखरीत झालेली. त्या मुठीनं तिला दाराबाहेर ओढलं. हळू, पण ओळखीनं. शेजारच्या स्टुलावरची पोर राहून गेलीय आणि तिला विसरून कसं जायचं, अशा समजुतीनं.

मावशीचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. अंगणात अंधार नव्हता, पण अंगणातलं काही तिला दिसतही नव्हतं. तसंच पोरीमागं निघून जायला किती बरं वाटलं असतं. इकडे गावात उद्यापासून पालक येणार होते, विचारणार होते, तोंडावर बोलणार होते. पाटी उतरवावी लागणार होती, आणि परत लावायची तर एकेका शिवणघराची वाट पहिल्यापासून तुडवावी लागणार होती, या गुडघ्यानिशी.

"नाही गं बाळ," ती म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."

मूठ थोडा वेळ तशीच राहिली. पोरीला ते पटलं असावं. ज्याचं संपलं नाही त्यानं उठायचं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. एकेक करून बोटं सुटली. पावलं अंगणातून गेली, आणि फाटकापाशी पोचेपोचेतो ती चालीची राहिली नव्हती, पळण्याची झाली होती.

मावशीनं पाय आत घेतला. पाठीमागं अकरा बायका उभ्या होत्या, आणि खोलीत एकही सुई ओवलेली नव्हती.